जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचा टेम्परेचरचा काटा मध्येच वर-खाली का होतो?

तुम्ही लिहिलंय की १९७८ची स्पिटफायर १५०० नुकतीच घेतली, गाडी छान चालते, पण टेम्परेचरचा काटा कधी मधोमध असतो तर कधी पार लालापर्यंत जातो, आणि गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतोय. रेडिएटरवर आत्ताच पैसे घालू नका. माझ्याकडेही हीच गाडी आहे. या तक्रारीत मी सगळ्यात आधी एवढंच बघतो: टेम्परेचरचा काटा चढतो तेव्हा पेट्रोलचा काटा काय करतो?

दोन्ही गेजना, म्हणजे काट्यांच्या मीटरना, करंट एकाच ठिकाणाहून मिळतो. डॅशबोर्डच्या मागे पत्र्याची एक छोटी डबी असते, ती व्होल्टेज स्टॅबिलायझरची. आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. पट्टी तापली की वाकते आणि करंट तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. इस्त्रीचा थर्मोस्टॅट चालतो तसंच. या चालू-बंदमुळे गेजला सरासरी १० व्होल्ट मिळतात, मग बॅटरी १२ वर असो की अल्टरनेटर १४ देत असो. पण डबीचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडणी, तिच्या स्क्रूमधूनच होतं. स्क्रू सैल झाला किंवा गंजला की तार तापत नाही, करंट तुटत नाही, आणि गेजला पूर्ण व्होल्टेज जातं. दोन्ही काटे वर चढतात. खड्ड्यात चाक आदळलं, अर्थिंग लागलं, की हळूहळू खाली येतात.

तपासायला इंजिन आयडलवर ठेवा, हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावा, थोडा वेळ थांबा, मग ॲक्सिलरेटर दाबून धरा. दोन्ही काटे रेसबरोबर चढत असतील तर दोष त्या डबीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये आहे. स्क्रू आणि खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत घासून परत बसवा. डिजिटल मल्टीमीटर लावलात तर जुन्या डबीवर आकडे नाचतीलच, त्यावरून ती बिघडली असं समजू नका. नवी इलेक्ट्रॉनिक डबी स्थिर १० व्होल्ट देते आणि मला तीच जास्त पसंत आहे. फक्त घेताना निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीची) मागा.

पेट्रोलचा काटा शांत आणि टेम्परेचरचाच नाचतोय, तर बॉनेट उघडा. इंजिनच्या थर्मोस्टॅटजवळ (कूलंट गरम झाल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) पितळी सेंडर, म्हणजे तापमान मोजून गेजला कळवणारा भाग आहे, त्यावर निळी रेघ असलेली हिरवी वायर. किल्ली ऑन ठेवून ती काढा, काटा थंडकडे पडायला हवा. मग तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, काटा गरमकडे निघाला की लगेच उचला, नाहीतर गेज जळेल. एवढं नीट झालं तर गेज आणि वायर ठीक आहेत, संशय सेंडरवर. त्याच्या आट्यांवर कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर तीही काढा, कारण सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांमधूनच होतं.

या गेजचा काटा स्वभावतःच संथ आहे. ट्रॅफिकमध्ये सावकाश चढून गाडी पळायला लागल्यावर उतरत असेल तर ती खरी उष्णता समजा, आणि तेव्हा रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा यांच्याकडे वळा. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरून खात्री करता येते. थर्मोस्टॅट बहुधा ८२ अंश सेल्सियसला उघडणारा असतो, त्याच्या आसपास आकडा दिसला तर काळजी नाही.

उलट एक गोष्ट मात्र गंभीर आहे. कूलंट कमी झालं आणि सेंडरभोवती हवा अडकली, तर इंजिन उकळत असताना काटा खाली पडू शकतो. म्हणून काटा अचानक पडला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका.

पेट्रोलच्या काट्याचं काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.