अक्कलदाढ काढल्यावर मेसच्या डब्यावर काय खायचं?

तुम्ही विचारलंय की परवा खालची अक्कलदाढ काढायची आहे. नागपुरात परीक्षेच्या तयारीसाठी खोली करून राहता, खोलीत एक इलेक्ट्रिक केटली सोडली तर काही नाही. मेसच्या भाजीवर बोटभर लाल तर्री असते. मित्र म्हणतात आठवडाभर आइस्क्रीम खाऊन पडून राहा, आणि घरून आई म्हणते भाताला हात लावू नको, पू होईल. मग खायचं तरी काय?

मी नागपुरातल्याच नंदनवन भागात मुलामुलींना डबे देते. माझ्या स्वतःच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढून झाल्या आहेत, आणि डब्यावरचं कुणी ना कुणी दर वर्षी सुजलेला गाल धरून दारात उभं राहतं. त्यामुळे या दिवसांतलं जेवण मी बरंच रांधलंय. डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते आधी. त्यात बसेल असंच सांगते.

सगळ्यात पहिलं: आइस्क्रीमवर राहू नका. पहिल्या दिवशी थोडं खाल्लं तर बरंच वाटतं, थंडाव्यानं ठणका कमी लागतो. दिनशॉ तर आपल्या नागपूरचंच, १९३२ पासूनचं, खुशाल आणा. फक्त साधं व्हॅनिला घ्या, काजू-बदामाचे तुकडे नकोत, कोन तर अजिबात नको. पण ते जेवण नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात नुसती साखर असते, त्यावर दुखण्याची गोळी पडते आणि जळजळ सुरू होते. सोबत मेट्रोनिडाझोल दिलेलं असेल तर तोंडाला कडसर, धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि आहे ती भूकही मरते. मग मुलं म्हणतात दाढेनं अशक्तपणा आला. तो दाढेचा नसतो, दोन दिवस न जेवल्याचा असतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, मीठ-पाणी लागतं. म्हणून मऊ खा, कोमट खा, पण जेवा.

आता काय टाळायचं ते नीट समजून घ्या, म्हणजे प्रत्येक पदार्थ मला किंवा दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजे त्या जखमेचं झाकण. ती जागेवर राहिली तर खालचं हाड आणि नसा झाकलेल्या राहतात, आणि तिच्यातूनच पुढे नवी पेशी भरत जाते. ती निघून गेली किंवा विरघळली तर हाड उघडं पडतं. यालाच डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत याचा धोका इतर दातांपेक्षा जास्त. म्हणून पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, आणि तोंडानं काही ओढून प्यायचं नाही. शहाळ्याचं पाणी प्या, उसाचा रस नको. आणि शहाळं नळी घालून न पिता पेल्यात ओतून घ्या. ताकाचं पाकीट कोपरा फाडून चोखायची सवय असते, तेही पेल्यात. पाण्याच्या बाटलीचं चोखायचं झाकण असेल तर काढून ठेवा.

दाढ काढून आल्यावर कापसाचा बोळा डॉक्टर सांगतील तितका वेळ, बहुधा अर्धा-पाऊण तास, दाबून धरायचा असतो. त्यानंतरही ओठ आणि अर्धी जीभ तीन-चार तास बधिर असते. बधिरपणा उतरेपर्यंत चावायचं काही खाऊ नका, आणि चहा तर नकोच. ओठ भाजला तरी कळत नाही, गाल दातांखाली आला तरी कळत नाही. संवेदना परत आली की साधं किंवा गार दूध, पातळ ताक, गार केलेली तांदळाची पेज. पेजेत मीठ आणि तूप घाला, नुसती पेज दोन घोटांपुढे जात नाही. रात्रीची गोळी घ्यायच्या आधी एवढं तरी पोटात गेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी. ही जरा सविस्तर सांगते, कारण मेसमध्ये खिचडी म्हटलं की मोकळी, मोहरी-मिरची घातलेली खिचडी मिळते आणि ती आत्ता चालत नाही. एक वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, सहा-सात वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. झाकण उघडलं की घोटणीनं किंवा पळीच्या पाठीनं दाणा दिसेनासा होईपर्यंत घोटायची, घट्ट झाली तर गरम पाणी घालायचं. वरून चमचाभर तूप. फोडणी नको. अगदीच जीव मागत असेल तर तुपात हिंग आणि जिऱ्याची पूड. मोहरी मात्र अजिबात नाही. मोहरीचा एक दाणा त्या खड्ड्यात जाऊन बसला की जिभेनं निघत नाही, मग माणूस आरशासमोर उभा राहून काडीनं टोकरतो आणि गुठळी हलते. तीळ, खसखस, टमाट्याच्या आणि पेरूच्या बिया, शेंगदाण्याचा कूट यांचंही तेच. खिचडी ताटात पसरून ठेवा आणि करंगळी टेकवून पाहा. करंगळीला गरम लागली तर तोंडाला गरमच आहे, आणखी थांबा. चमचा लहान घ्या. जबडा आखडलेला असतो, मोठा चमचा आत जात नाही आणि जबरदस्ती केली तर टाक्याला ताण बसतो. खायचं दुसऱ्या बाजूनं.

केटलीवर खिचडी होत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मेसच्या काकूंना उद्याच सांगून ठेवा की माझ्या वाट्याचं वरण फोडणी घालायच्या आधी काढून ठेवा, आणि भात जरा जास्त पाण्यात शिजवा. तुरीचं साधं वरण, मऊ भात, तूप, हे हाताने कालवून एकजीव केलं की मूठभर भातात पोट भरतं. बहुतेक काकू आनंदानं करतात. त्यांच्यासाठी ते एक वाटी बाजूला काढण्यापुरतं काम असतं, आणि आजारी लेकराचं ऐकलं की हात आपोआप तुपाच्या डब्याकडे जातो. मिरची न घातलेली कढी मिळाली तर उत्तमच, पण कोमट. बेसन आमच्याकडे झणझणीत करतात, त्याऐवजी एखाद्या दिवशी बिनमिरचीचं, पळीवाढं बेसन करून द्याल का असं विचारा. लाल कोहळं किंवा आलू उकडून कुस्करून, वर मीठ-तूप, हेही छान जातं.

खोलीत काय करता येईल? पातळ पोहे केटलीतल्या गरम पाण्यात भिजवून, निथळून, दही आणि मीठ घालून अगदी लगदा होईपर्यंत कालवा. किंवा दूध-साखर घालून. दही ताजं घ्या, आंबट दही जखमेला झोंबतं. अँटिबायोटिकनं पोट बिघडलं असेल तर दही-भात तसाही बरा. पिकलेलं केळं काट्यानं कुस्करून दुधात. अंडी चालत असतील तर केटलीत उकडता येतात, पण पिवळा बलक कोरडा असतो आणि खड्ड्यात भुगा जातो, म्हणून थोडं दूध घालून कुस्करा आणि तिसऱ्या दिवसानंतरच खा. मऊ पनीर कुस्करून त्यात मीठ, हे मी भूक फार असलेल्या मुलांना देते. सातूचं पीठ घरून आणलेलं असेल तर गूळपाण्यात अगदी पातळ करून, पेल्यानं. घट्ट सातू दातांच्या मागे चिकटतो.

आंबिलीबद्दल वेगळं सांगते, कारण सध्याच्या उन्हात तिच्यासारखं दुसरं काही नाही. नागपूरचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि तोंड दुखतं म्हणून पाणी कमी प्यालं की चक्कर येते. दोन चमचे ज्वारीचं पीठ ताकात गुठळी न होता कालवायचं, उकळत्या पाण्यात घालून ढवळत शिजवायचं, मीठ घालायचं आणि पूर्ण गार करून आणखी ताक मिसळायचं. लसूण, मिरची, सांबार (म्हणजे कोथिंबीर) काही नको. पेलाभर आंबील दुपारी आणि पेलाभर संध्याकाळी. कुणी करून देणारं असेल तर नक्की मागा. आमरसही चालतो, आंबा गोड असला पाहिजे आणि रस चाळणीतून गाळलेला, रेषा नकोत. संत्र्याचा आणि लिंबाचा रस आठवडाभर बाजूला ठेवा.

आईच्या भाताबद्दल. भातानं पू होत नाही. डाळीनं नाही, आलूनंही नाही. जखमेत जंतूंचा संसर्ग झाला की पू होतो, आणि तो अन्न अडकून राहिल्यानं किंवा तोंड अस्वच्छ राहिल्यानं वाढू शकतो. म्हणजे भात मोकळा नको, मऊ हवा, आणि खाल्ल्यावर तोंड साफ हवं, एवढंच. २४ तास झाले की कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान इकडून तिकडे हलवायची आणि पाणी तसंच बेसिनमध्ये सोडून द्यायचं, खळखळून चूळ नाही. दर जेवणानंतर हे करा, बाकीचे दात हलक्या हातानं ब्रशनं घासा. आईला फोनवर हे असंच सांगा, आणि भात-वरणच जेवलो म्हणून सांगा, तिला बरं वाटेल. दाढ काढल्यानं डोळे अधू होतात असंही कुणी सांगेल, तेही खरं नाही.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, पण नागपुरात राहता म्हणून मी विचारल्याशिवाय राहणार नाही. खात असाल तर या दिवसांत पूर्ण बंद. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, सुपारीचा बारीक चुरा खड्ड्यात बसतो, चुना उघड्या हिरडीला भाजतो, आणि वरून दर मिनिटाला थुंकणं. गुठळी घालवायची याहून खात्रीची रीत नाही. सिगारेटही तशीच, त्यात ओढणंही आलं. पहिले तीन दिवस निघाले की पुढचेही निघतात, आणि खरं सांगू, मग पुन्हा सुरू करूच नका. सुपारीनं तोंड उघडेनासं झालेली पंचविशीतली मुलं मी इथल्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत रुग्णालयात बाकावर बसलेली पाहिली आहेत. एकाला दोन बोटंसुद्धा तोंडात घालता येत नव्हती. त्याची आई त्याच्यासाठी डब्यात पातळ वरणच घेऊन आली होती, आणि ते काही चार दिवसांसाठी नव्हतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्याला घाबरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी जबडा सैल होऊ लागला की दुधात भिजवलेली पोळी, मऊ उपमा, तर्री न घातलेले वाफवलेले पोहे, शेवयांची खीर. घरी जाणार असाल आणि आमरसासोबत सरगुंडे (हातानं केलेल्या शेवयांसारखा प्रकार) होणार असतील तर तेही मऊ शिजवून चालतील. भाकरी, चिवडा, फल्ली (शेंगदाणे), मक्याची कणसं हे पुढच्या आठवड्यावर. तर्री टाके निघाल्यावर, बहुधा सात-आठ दिवसांनी, आणि तीही आधी चमचाभर. सावजीच्या झणझणीत जेवणाला मात्र तीन आठवडे तरी जाऊ नका, तोपर्यंत वरची हिरडी बऱ्यापैकी जुळून येते. आतलं हाड भरायला काही महिने लागतात, पण त्यासाठी जेवण अडत नाही.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत कळ जायला लागली, तोंडाला घाण वास आला, तर लवंग दाबून बसू नका, डॉक्टरांकडे जा. ते खड्डा धुऊन औषध भरतात आणि बराच आराम पडतो. रक्त थांबत नसेल, ताप असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर रात्र असली तरी थांबू नका. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

नुसतं हिरडीत इंजेक्शन देऊन दाढ काढणार असतील तर परवा सकाळी पोटभर जेवून जा, नंतर काही तास तोंड बधिर असणार आहे. पूर्ण भूल देणार असतील तर डॉक्टर सांगतील तितके तास उपाशी राहायचं, पाणीसुद्धा विचारून. उद्या संध्याकाळी दूध, दही, चार केळी, पातळ पोहे आणि एक छोटा चमचा खोलीत आणून ठेवा, आणि मेसच्या काकूंशी बोलायचं विसरू नका. तुमच्या भागात कुणी साधं वरण-भात द्यायला तयार नसेल तर इथेच खाली लिहा, मी सांगते कुणाला विचारायचं ते.