फोन दुरुस्तीला देण्याआधी

काच फुटली, टच मेला, पण डिस्प्ले दिसतोय ना? मग ओटीजी अडॅप्टर (चार्जिंगच्या खाचेत यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर कर्सर येतो आणि लॉक उघडून बॅकअप घेता येतो. हे आधी करा, कारण दुरुस्तीत फोन बऱ्याचदा फॅक्टरी रीसेट होतो, म्हणजे सगळं पुसलं जातं, आणि डेटाची जबाबदारी कुणी घेत नाही. सिम, मेमरी कार्ड काढून ठेवा.

*#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. चारही कडांचे फोटो काढा. सिम ट्रेच्या खाचेत अनेक फोनना पांढरं स्टिकर असतं, पाणी लागलं की ते लाल होतं. त्याचाही फोटो हवाच! वॉरंटी नाकारायला पाणी लागल्याचं कारण बऱ्याचदा पुढे केलं जातं.

जॉबशीटवर (फोन जमा करताना सर्व्हिस सेंटर देतं त्या पावतीवर) नुसतं 'फोन बंद' लिहू देऊ नका. 'चार्जिंगला लावल्यावर १० मिनिटांत गरम होऊन बंद पडतो' असं नेमकं लिहून घ्या, नाहीतर 'दोष आढळला नाही' म्हणून फोन तसाच परत येतो.

सर्व्हिस सेंटरने फोनवर बोलताना दिलेल्या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. तक्रार क्रमांक मागा आणि बोलणं झालं की लगेच तेच ईमेलने पाठवा. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. पुढची तक्रार त्याच कागदावर उभी राहते.