निवडुंगाची माती: आधी खडी, मग बाकीचं

बरेच निवडुंग मुळात जिथे वाढतात, त्या वाळवंटी कुरणांतल्या खडकाळ मातीत सेंद्रिय अंश बहुधा १ टक्क्याहून कमी असतो आणि पाणी भराभर खाली उतरतं. मुंबईच्या दमट हवेत कुंडी लवकर वाळत नाही, त्यामुळे खडी सढळ हातानं घ्या: २ भाग बारीक खडी (३ ते ६ मिमी), १ भाग जाड वाळू, १ भाग चाळलेलं कंपोस्ट.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- खडी न धुता वापरणं. भुकटीनं पोकळ्या बुजतात, मुळं कुजतात.
- चौपाटीची वाळू. त्यात मीठ असतं, नकोच.
- तळाशी खड्यांचा वेगळा थर. पाणी त्याच्या वरच्या मातीतच अडकून राहतं. खडी मातीत मिसळा.

जून ते सप्टेंबर कुंडी पावसाआड ठेवा. खतांचं नंतर बघू.