ताईंना विचारा : बकलाव्यात पिस्ता आहे म्हणून चालतो का?

प्रश्न : ताई, मुलगा शारजाला असतो, येताना दर वेळी बकलाव्याचा (ती पिस्त्याची पाकातली तुर्की मिठाई) मोठा डबा घेऊन येतो. ह्यांची शुगर बॉर्डरलाइनला आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१ आलंय. दिवाळीत मी ह्यांची करंजी बंद केली, तर आता म्हणतात की बकलाव्यात सगळा पिस्ताच आहे आणि सुकामेवा तर डॉक्टरच खा म्हणतात. रोज रात्री जेवणानंतर तीन-चार तुकडे जातात. काय सांगू ह्यांना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकांचा युक्तिवाद वकिलाला शोभेल असा आहे 😄 आणि पूर्ण खोटाही नाहीये. पिस्ता खरंच चांगला, १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रोटीन, १० ग्रॅम फायबर, आणि फॅट भरपूर असलं तरी बरंचसं चांगल्या प्रकारचं. प्रश्न एवढाच की एका तुकड्यात तो येतो किती.

मध्यम आकाराचा ४० ग्रॅमचा तुकडा धरा. दुकानागणिक फरक पडतो, पण ढोबळ हिशोब असा की पिस्ता १० ग्रॅम, तूप ७, साखर १२, मैदा ८ आणि उरलेलं पाकातलं पाणी. १० ग्रॅम पिस्ता म्हणजे पंधरा-सतरा सोललेले दाणे, बस. त्यांच्या कॅलरी ५५-६०, आणि अख्ख्या तुकड्याच्या होतात दोनशेच्या आसपास, म्हणजे ज्याचं नाव घेऊन खायचं त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून कमी. चार तुकड्यांत साखरच जवळजवळ ५० ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, निम्म्यावर आणली तर अजून बरं. मग काकांचा सकाळचा चहा कुठे बसवायचा?

हे कुणी वाईट मालाने केलंय म्हणून होत नाही, पदार्थच तसा आहे. तुर्कस्तानातल्या गाझिआनतेपचा बकलावा सगळ्यात नावाजलेला, २०१३ मध्ये त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे पिस्ता पूर्ण पिकायच्या आधीच तोडतात म्हणून तो इतका हिरवागार आणि वासाचा असतो. पण तिथेही कागदासारख्या पातळ मैद्याच्या पोळ्या एकावर एक, मध्ये पिस्त्याचा थर, वरून तूप, आणि भट्टीतून काढला की साखरेचा पाक. पाक पिणं हेच त्याचं काम.

आता एक महत्त्वाचं. काका बकलावा खाऊन तासाभराने ग्लुकोमीटर लावतील आणि म्हणतील बघ, काही वाढली नाही. तुपामुळे आणि पिस्त्यातल्या फॅटमुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे शुगर उशिरा चढू शकते, तासाभराचा आकडा चांगला दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. आणि वरण-भात-पोळी पोटभर झाल्यावर खाताय, म्हणजे हे सगळं त्याच्या वर.

बंद करा असं मी म्हणणार नाही, मुलाने प्रेमाने आणलेलं. आठवड्यातून एक-दोनदा, एकच तुकडा, त्या जेवणात भात किंवा एक पोळी कमी, आणि नंतर खाली एक चक्कर. पिस्त्याचीच हौस असेल तर बिनमिठाचा पिस्ता मूठभर, चार वाजता, चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी. काका गोळ्या घेत असतील तर त्यात मनाने फेरफार नको, डॉक्टरांना विचारा.

आणि करंजीवर थोडा अन्यायच झालाय हं. तिच्यात पाक नसतो, पण सुक्या खोबऱ्यात फॅट १०० ग्रॅमला ६०-६५ ग्रॅम आणि बहुतेक सॅच्युरेटेड, म्हणजे पिस्त्यासारखं चांगल्या प्रकारचं नव्हे, वर तळण, त्यामुळे तीही काही साधी नाही. दोघींना एकच नियम लावा.

प्रश्न : घरी करताना साखरेच्या पाकाऐवजी मध आणि पिस्त्याऐवजी अक्रोड घातला तर हेल्दी होईल ना? शुगर फ्री बकलावा पण मिळतो म्हणे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अक्रोड जरूर घाला, ग्रीसमध्ये आणि तुर्कस्तानातही अक्रोडाचा बकलावा घरोघरी होतो, ओमेगा-३ मिळतं आणि खिशालाही बरा. पण कॅलरी कमी होत नाहीत, उलट पिस्त्याहून थोड्या जास्तच. मधाने फरक नावापुरता, शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. फरक पाडायचा तर पाक निम्मा करा, तुकडे लहान कापा, आणि तुपाच्या जागी डालडा अजिबात नको. शुगर फ्रीमध्ये बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्यालाही कॅलरी असतात, शुगरही थोडी वाढते आणि जास्त खाल्लं की पोटात गॅस, जुलाब. मैदा-तूप तर तसंच राहतं, नाव बघून फसू नका.

प्रश्न : डबा फ्रिजमध्ये ठेवायचा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थोडे दिवस बाहेरच, झाकण घट्ट लावून. फ्रिजमध्ये तूप थिजतं आणि कुरकुरीतपणा जातो. खवट वास आला तर सरळ फेका, आणि घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर लेबल वाचल्याशिवाय डबा उघडूच नका.