सांतिनेजची खाडी की सांतिनेजचा नाला?

पणजीतल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ताळगावकडून येऊन सांतिनेजमधून कांपालच्या बाजूला मांडवीला मिळणाऱ्या पाण्याला मराठीत कधी ‘सांतिनेज नाला’ तर कधी ‘सांतिनेज खाडी’ असे लिहिले जाते, यांतले शुद्ध कोणते, आणि पाटोजवळच्या ओरेंच्या पाण्यालाही तोच शब्द लावावा काय?

उत्तर व्याकरणात सापडणार नाही, ते पाण्याकडे पाहूनच द्यावे लागते. मराठीत खाडी म्हणजे भरतीचे खारे पाणी जिथवर जमिनीत शिरते तो भाग. ओहोळ, ओढा आणि नाला हे शब्द एकाच दिशेने, म्हणजे उताराकडे, वाहणाऱ्या गोड्या पाण्याचे आहेत. देशावर ओढा म्हणतात, विदर्भात नैसर्गिक प्रवाहालाही सहजपणे नाला म्हणतात, आणि कोकणात व गोव्यात व्हाळ म्हणतात. व्हाळ, वहाळ आणि ओहोळ ही एकाच शब्दाची रूपे असल्यामुळे ‘व्हाळ’ हा केवळ कोंकणी शब्द समजून मराठी लेखनातून वगळण्याचे काहीच कारण नाही.

ओरेंच्या बाबतीत शंकेला जागा उरत नाही. फोंतैन्यास आणि मळा एका बाजूला व पाटो दुसऱ्या बाजूला ठेवून जाणारे हे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पाटोच्या पुलावर थोडा वेळ उभे राहून पाण्यावरच्या एखाद्या पानावर नजर ठेवावी. भरतीच्या वेळी ते मांडवीकडे न जाता उलट मळ्याच्या दिशेने आत सरकताना दिसते, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की काठचा काळा चिखल उघडा पडून खारफुटीची वर आलेली श्वासमुळे मोजता येतील इतकी स्पष्ट दिसू लागतात. गोड्या पाण्याच्या ओढ्याकाठी खारफुटी वाढत नाही, तेव्हा ही खाडीच होय. या पुलापलीकडून रायबंदरकडे जाणारा लांबच लांब बांध-रस्ता काँदे दि लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत 1633-34 च्या सुमारास बांधला गेला. तो नुसता पूल न होता कित्येक कमानी असलेला एवढा मोठा बांध का झाला, हे आजूबाजूची खाजने आणि मिठागरे पाहिली म्हणजे समजते : तो संपूर्ण पट्टाच भरतीच्या पाण्याचा होता.

येथे खाजन या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खाडी आणि शेत यांच्यामधली जागा गोमंतकीय माणसाने याच शब्दाने ओळखली आहे. भरतीखाली जाणारी जमीन बांद, म्हणजे बांध, घालून राखायची आणि बांदात मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याचे दार, बसवायचे. मानसाची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, त्यामुळे खारे पाणी बाहेर राहते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. ही जमीन आणि तिचे बांद सांभाळण्याचे काम गावकारीकडे, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या सामाईक संस्थेकडे, असे. प्रमाण मराठीत ‘खाजण’ असा ‘ण’ लिहितात, पण गोव्यातील विषय असताना ‘खाजन’ लिहिणे मला अधिक योग्य वाटते.

सांतिनेजचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे एकाच प्रवाहाचे दोन स्वभाव आहेत. नागाळीच्या डोंगराकडून ताळगावच्या शेतांत उतरणारे पाणी व्हाळ आहे. तेच पाणी काम्राभाट, सांतिनेज असे शहरातून पुढे जाऊन मांडवीजवळ येते, तेव्हा भरती त्याच्या अंगात शिरते आणि तेथून त्याला खाडी म्हणणे योग्य ठरते. ‘नाला’ हा शब्द या प्रवाहाच्या वाट्याला आला तो काठची वस्ती दाट झाल्यावर व सांडपाणी त्यात मिसळू लागल्यावर. शहरी मराठीत नाला आणि गटार हे शब्द आता इतके जवळ आले आहेत की नाला म्हटले की तो स्वच्छ असावा अशी अपेक्षाच कोणी करत नाही, आणि म्हणूनच या प्रवाहाला ते नाव देण्यास माझा ठाम विरोध आहे. विदर्भातल्या वाचकाच्या कानाला ‘नाला’ निर्दोष वाटेल. पणजीत तो तसा राहिलेला नाही.

तेव्हा ताळगावच्या भागाविषयी लिहिताना ‘व्हाळ’, आणि भरती पोचते त्या शहरी भागाविषयी ‘खाडी’ लिहावे. संपूर्ण प्रवाहाला एकच नाव हवे असेल तर मुखावरून ‘खाडी’ म्हणण्यास हरकत नाही, कारण ठाण्याच्या खाडीलाही वरून गोडे पाणी मिळतेच. ‘सांतिनेज खाडी’ ही जोडणी मात्र सरकारी फलकाची वाटते. आपण ठाण्याची खाडी, माहीमची खाडी असे षष्ठीने बोलतो. तसेच सांतिनेजची खाडी, ओरेंची खाडी लिहावे.