वरणात कुस्करलेली गोळी

प्रश्न : माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना पुण्याहून शिक्षण अर्धवट टाकून तो घरी आला. शेजारी पाळत ठेवतात, जेवणात विष कालवतात, असे तो म्हणतो आणि रात्री एकटाच कोणाशी तरी बोलतो. जळगावच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. तो गोळ्या घेईना, म्हणून मी त्या कुटून वरणात घालू लागले. महिन्यापूर्वी त्याने मला खलबत्त्यात गोळी कुटताना पाहिले. तेव्हापासून तो स्वतःची खिचडी स्वतः शिजवतो आणि भांडे उशाशी घेऊन झोपतो. त्याचे वडील म्हणतात, लग्न लावून दिले की सुधारेल. मी काय करू? – एक आई, रावेर तालुका

उत्तर : ताई, उशाशी भांडे घेऊन झोपणारा तुमचा मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही जे केले ते जीव तुटत होता म्हणून केले, आणि असे करणाऱ्या आया मला अनेकदा भेटतात. पण अन्नात विष आहे हा त्याच्या आजारातला भ्रम होता, आणि अन्नात आईने खरोखर काही मिसळले हे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्यामुळे ज्या एका माणसावर त्याचा विश्वास टिकला असता, तेच माणूस त्याच्या संशयाच्या यादीत गेले. शिवाय गोळी पोटात नेमकी किती गेली हे कोणालाच कळत नाही, आणि काही गोळ्या कुटायच्याही नसतात.

म्हणून आधी त्याला सांगा की, मी गोळी घालत होते, माझे चुकले, पुन्हा घालणार नाही. सारवासारव करू नका. विष नाहीच, असा वादही घालू नका, कारण भ्रम वादाने जात नाही. ‘तुला भीती वाटते, हे मला कळते’ एवढे पुरे. त्याची खिचडी त्याला करू द्या, आणि जवळ बसून तुमची भाकरी तुम्ही खा. एखाद्या दिवशी तोच तुमच्या ताटाकडे पाहील. तेव्हाही आग्रह करू नका.

औषध मात्र हवेच, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. गोळ्यांनी झोप येते का, अंग जड होते का, हात थरथरतात का, हे त्याला विचारून डॉक्टरांना सांगा. पुष्कळ रुग्ण याच त्रासापायी गोळ्या टाकतात, आणि मात्रा किंवा औषध बदलता येते. दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनेही आहेत. रोजच्या गोळीवरून घरात होणारी ओढाताण त्यामुळे थांबते, पण तीही त्याला सांगून, त्याच्या संमतीने.

तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, किंवा खाणेपिणेच सोडले, तर वाट पाहू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे अशा वेळी, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, त्याच्या संमतीविनाही त्याला 30 दिवसांपर्यंत रुग्णालयात दाखल करता येते. त्याच कायद्याने साखळदंडाने बांधून ठेवण्यास पूर्ण बंदी आहे. गावात कोणी तसे सुचवले तर ऐकू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

लग्नाने हा आजार बरा होत नाही, आणि तो लपवून केलेले लग्न त्या मुलीवर अन्याय ठरेल. पुढच्या तपासणीला त्याच्या वडिलांना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांपुढे विचारू द्या.