क्रूझवर समुद्र खवळला तर काय करावं?

तुमचा प्रश्न असा की ऑक्टोबरअखेर युरोपातून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जाणारी क्रूझ ठरवली आहे, पत्नीला साध्या बसमध्येही गाडी लागते, तर खवळलेल्या समुद्रात तिचा निभाव लागेल का? लागेल. मलाही गाडी लागते आणि ऐन शरदातच मी हा प्रवास केलाय. मात्र जे करायचं ते पोटात ढवळायला लागण्याआधी करावं लागतं. नंतर फार काही हातात राहत नाही.

अटलांटिकचा हरिकेनचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. म्हणजे तुम्ही हंगामाच्या शेपटाला निघताय. घाबरू नका, कॅप्टन मुद्दाम वादळात जहाज घालत नाही, वाट वाकडी करून बाजूने काढतो. पण वादळ चुकवलं तरी त्याने उठवलेल्या लाटा चुकत नाहीत, त्या शेकडो मैल लांब जाऊन पोचतात. त्यामुळे लख्ख ऊन, वारा पडलेला, आणि तरी जहाज डुलतंय असंही होतं. इंग्लंडहून सुटणार असाल तर बिस्केच्या उपसागरातच पहिला हिसका बसू शकतो, कारण तिथे अटलांटिकच्या लाटांना आडोसाच नाही. कॅनरी बेटांच्या दक्षिणेला वारे बहुतेक पाठीमागून येतात, तिथून पुढे प्रवास बराच सुसह्य होतो.

केबिन अजून बदलता येत असेल तर आजच फोन करा. जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागा. सी-सॉच्या दांड्यावर मधोमध बसलेल्याला जेवढं वरखाली व्हावं लागतं, तेवढंच तिथे होतं. सगळ्यात पुढची, सगळ्यात वरची, भारी नजाऱ्याची केबिन अशा वेळी सगळ्यात वाईट. जहाजाला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात हे खरं, पण ते या कुशीवरून त्या कुशीवर डुलणं कमी करतात. समोरून लाटा आल्या की पुढचं टोक उचलून आपटतं, त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

आता औषधं. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन ही नावं डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी सुचवलेली गोळी निघण्याआधीच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा. कोणाला किती झोप येते हे आधी कळलेलं बरं. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टीही मिळते. ती निदान 4 तास आधी लावायची, मग 72 तास चालते. तोंड कोरडं पडतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जायचं नाही. पट्टी लावल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते आणि दिसायला धूसर होतं. गोळी काय नि पट्टी काय, सोबत दारू नको. आल्याचा काहींना उपयोग होतो, मनगटाच्या पट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण अपायही नाही.

त्रास सुरू झालाच तर केबिनमध्ये फोन बघत बसू नका. कान सांगतात आपण हलतोय, डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि या भांडणात पोट भरडलं जातं. डेक उघडा असेल तर बाहेर जाऊन क्षितिजावर नजर ठेवा. नसेल तर डोळे मिटून सरळ उताणं पडा. उपाशी राहू नका, थोडं थोडं कोरडं खा. डार्विनला बीगल जहाजावर बोट इतकी लागायची की बिस्किटं आणि मनुका एवढंच त्याच्या पोटात ठरे. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं.

रात्रीच्या आवाजांची मात्र मनाची तयारी ठेवा. भिंती करकरतात, ड्रॉवर सरकतात, कपाटातले हँगर एका लयीत टकटक करतात. हँगर काढून खाली ठेवायचे, ड्रॉवरच्या फटीत टॉवेलची घडी कोंबायची, निम्मी भीती तिथेच जाते. सकाळी जिन्याच्या कठड्याला कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या की समजायचं, आज समुद्र खवळलेला राहणार.

माझ्या मते खरा धोका उलटीचा नाही, पडण्याचा आहे. एक हात कायम कठड्यावर, पायात सपाट रबरी तळाचे बूट. दाराच्या चौकटीला हात धरून उभं राहू नका, झोक्याने दार मिटलं तर बोटं चेचतात. बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नका, वाऱ्याच्या दाबाने ते धाडकन आपटतं.

एक शेवटचं, कारण इथे गल्लत होते. बोट लागली तर जुलाब किंवा ताप येत नाही. उलटीबरोबर यातलं काही असेल तर ते पोटाचं इन्फेक्शन, बहुधा नोरोव्हायरस, असू शकतं. अशा वेळी बुफेकडे फिरकू नका, जहाजावरच्या दवाखान्याला फोन करा. एखाददोन दिवस केबिनमध्येच थांबायला सांगतील, तेवढं मुकाट्याने ऐका.